पहाट ते मध्यरात्र : बीबीसी रेडिओ फोरची वाटचाल

बोललेल्या शब्दाला वाहिलेल्या या स्मरणिकेत ब्रिटनच्या रेडिओ फोर या वाहिनीला जागा मिळावी, हे योग्यच आहे. बातम्या, मुलाखती, नभोनाट्ये, विनोद, पुस्तकवाचन, शेतीची माहिती, संसदेचा वृत्तांत आणि समुद्रावरचे हवामान एवढ्या शिदोरीवर ही वाहिनी पहाटेपासून मध्यरात्रीनंतर एक वाजेपर्यंत बोलत राहते. संगीत असते ते संकेतधुनीपुरते किंवा चर्चेचा विषय म्हणून.

संस्थेचा इतिहास सहसा सालवार लिहितात. इथे मात्र अडचण येते. रेडिओ फोर हे नाव १९६७ चे आहे, पण तिच्या दिवसातला जवळजवळ प्रत्येक तास वेगळ्या साली जन्माला आला आहे. सकाळचा मोठा वृत्तकार्यक्रम १९५७ चा, दहाची स्त्रियांची बैठक १९४६ ची, संध्याकाळची खेड्यातली मालिका १९५१ ची, रविवारची सुप्रसिद्ध मुलाखत १९४२ ची. म्हणून आधी संस्थेची पूर्वपीठिका थोडक्यात सांगून पुढचा इतिहास घड्याळाच्या क्रमाने सांगणेच सोयीचे.

पूर्वपीठिका

ऑक्टोबर १९२२ मध्ये रेडिओ संच बनवणाऱ्या कारखानदारांनी ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी काढली. संच खपायचे तर लोकांना ऐकायला काहीतरी हवे, हा त्यामागचा सरळ हिशेब. १४ नोव्हेंबर १९२२ पासून लंडनच्या स्ट्रँडवरील मार्कोनी हाउसमधून रोजचे प्रक्षेपण सुरू झाले. व्यवस्थापक म्हणून आलेले जॉन रीथ हे स्कॉटलंडमधल्या एका धर्मोपदेशकाचे चिरंजीव आणि पेशाने अभियंता. माहिती, शिक्षण आणि मनोरंजन ही त्यांनी ठरवलेली त्रिसूत्री आजही बीबीसीच्या कारभाराचा पाया आहे. १ जानेवारी १९२७ रोजी कंपनीचे राजसनदेने सार्वजनिक महामंडळ झाले. पैसा श्रोत्यांच्या परवाना शुल्कातून यायचा, त्यामुळे जाहिरातदाराची मर्जी राखण्याचा प्रश्नच उरला नाही.

त्याच वर्षी हिल्डा मॅथेसन या भाषण विभागाच्या पहिल्या संचालक झाल्या. व्यासपीठावरून हजारोंना उद्देशून केलेले भाषण घरात बसलेल्या एकट्या माणसाला परके वाटते, हे त्यांनी नेमके ओळखले. मोठमोठ्या विद्वानांकडून त्या आधी तालीम करून घेत, त्यांची जड वाक्ये सैल करायला लावत. रेडिओवर ‘बोलणे’ ही वेगळी कला आहे, हा विचार बीबीसीत तिथून रुजला. त्यांच्याच विभागात तयार झालेले लायोनेल फील्डन १९३५ मध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रसारण नियंत्रक म्हणून दिल्लीला आले आणि पुढच्या वर्षी इथल्या सरकारी रेडिओला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. आपल्या आकाशवाणीच्या घडणीत त्या भाषण विभागाचा असा थेट वाटा आहे.

१ सप्टेंबर १९३९ रोजी महायुद्धाच्या तोंडावर बीबीसीने देशांतर्गत वाहिन्या एकत्र करून ‘होम सर्व्हिस’ सुरू केली. रेडिओ फोरची आई ती हीच. १५ ऑक्टोबर १९४० च्या रात्री लंडनच्या ब्रॉडकास्टिंग हाउसवर बॉम्ब पडला आणि सात कर्मचारी मृत्युमुखी पडले. रात्री नऊच्या बातम्या वाचणाऱ्या ब्रूस बेल्फ्रेज यांनी स्फोटाच्या आवाजानंतर क्षणभर थांबून वाचन पुढे चालू ठेवले. शत्रूने खोटा निवेदक बसवला तर ओळखू यावा म्हणून निवेदकांनी बातम्यांआधी आपले नाव सांगण्याची प्रथाही त्याच वर्षी पडली. वेळेवर येणारा ओळखीचा आवाज हाच आपला खरा ठेवा आहे, हे संस्थेला त्या काळाने शिकवले.

युद्धानंतर हलक्याफुलक्या कार्यक्रमांसाठी ‘लाइट प्रोग्रॅम’ (१९४५) आणि अभिरुचीसंपन्न श्रोत्यांसाठी ‘थर्ड प्रोग्रॅम’ (१९४६) सुरू झाले. ३० सप्टेंबर १९६७ रोजी सगळी फेररचना होऊन रेडिओ वन, टू, थ्री आणि फोर अशी क्रमांकांची नावे आली. पॉप संगीताची रेडिओ वन ही त्या दिवसाची मोठी बातमी होती. होम सर्व्हिसची रेडिओ फोर झाली, तेव्हा दारावरची पाटी तेवढी बदलली, घरातली माणसे तीच राहिली.

खऱ्या अर्थाने राष्ट्रीय वाहिनी ती २३ नोव्हेंबर १९७८ ला झाली. युरोपातील लहरींचे नवे वाटप त्या दिवशी लागू झाले आणि रेडिओ फोर १५०० मीटरच्या लाँगवेव्हवर गेली. ड्रॉइटविचच्या प्रचंड प्रक्षेपकामुळे ती ब्रिटनभर आणि भोवतालच्या समुद्रावरही एकसारखी ऐकू येऊ लागली. तोपर्यंत निरनिराळ्या भागांत तिचे कार्यक्रम थोडे थोडे वेगळे असत. आता सगळ्या देशाला एकच दिवसक्रम मिळाला.

पहाट आणि सकाळ

रात्री बीबीसीच्या जागतिक सेवेचे सहक्षेपण चालते. पहाटे रेडिओ फोर स्वतःच्या आवाजात बोलू लागते. बातम्या, छोटी प्रार्थना आणि पावणेसहाला ‘फार्मिंग टुडे’. शेतकऱ्यासाठी १९६० पासून चालत आलेला हा कार्यक्रम आज शहरातले लवकर उठणारेही ऐकतात. बाजारभाव, जनावरांचे रोग, अनुदानाचे नियम, पावसाने बुडालेली पिके असे त्याचे विषय.

सहा वाजता ‘टुडे’. २८ ऑक्टोबर १९५७ ला तो होम सर्व्हिसवर सुरू झाला तेव्हा वीस-वीस मिनिटांची दोन सत्रे होती आणि मजकूर घरगुती, चटपटीत असा. जॅक द मॅनियो हे त्याचे गाजलेले निवेदक. घड्याळ बघून वेळ सांगताना ते हमखास चुकत आणि श्रोत्यांना तेही आवडे. सत्तरीच्या दशकात जॉन टिंप्सन आणि ब्रायन रेडहेड या जोडीने कार्यक्रमाला राजकीय धार आणली. पुढे जॉन हम्फ्रीज यांनी १९८७ ते २०१९ अशी बत्तीस वर्षे मंत्र्यांना सकाळी सकाळी घाम फोडला. आठ वाजून दहा मिनिटांची मुलाखत हे ब्रिटनच्या राजकारणातले एक ठाणेच होऊन बसले. तिथे काय बोलले गेले यावर त्या दिवशीच्या बातम्या ठरतात.

या धबडग्यात पावणेआठच्या सुमारास तीनेक मिनिटांचे ‘थॉट फॉर द डे’ असते. चालू घडामोडींवर धर्माच्या अंगाने केलेले हे चिंतन १९७० पासून चालू आहे. ख्रिस्ती वक्त्यांच्या बरोबरीने हिंदू, शीख, मुस्लिम, ज्यू आणि बौद्ध वक्तेही तिथे आले. इंदरजित सिंग यांचा शीख आवाज अनेक वर्षे श्रोत्यांच्या परिचयाचा होता. नास्तिकांना तिथे जागा का नाही, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

नऊनंतर वाहिनीचा सूर पालटतो. गुरुवारी ‘इन अवर टाइम’ असतो. ऑक्टोबर १९९८ मध्ये मेल्विन ब्रॅग यांनी तो सुरू केला आणि २०२५ मध्ये पायउतार होईपर्यंत हजाराहून अधिक भाग केले. रचना अगदी साधी. एक विषय, तीन प्राध्यापक, पाऊण तास. कृष्णविवरे झाली की पुढच्या आठवड्यात एखादी मध्ययुगीन लढाई. उपनिषदे, भगवद्गीता आणि सम्राट अशोक हेही विषय तिथे झाले आहेत. श्रोत्याला काही कळणार नाही अशी भीती न बाळगता आणि त्याच्यावर विद्वत्तेचा मारा न करता बोलता येते, हे या कार्यक्रमाने सिद्ध केले.

दहा वाजता ‘वुमन्स अवर’. ७ ऑक्टोबर १९४६ ला लाइट प्रोग्रॅमवर तो सुरू झाला तो दुपारी दोन वाजता. जेवणाची भांडी आवरली आहेत, मूल झोपले आहे, एवढीच वेळ गृहिणीला मोकळी, असा त्यामागचा विचार. पहिला निवेदक चक्क एक पुरुष, ॲलन आयव्हिमी. तरीही चाळिशीच्या दशकातच या कार्यक्रमाने रजोनिवृत्तीसारख्या तोवर कुजबुजीतच राहिलेल्या विषयावर मोकळेपणाने बोलणे सुरू केले. १९७३ मध्ये तो रेडिओ फोरवर आला. जेनी मरी यांनी १९८७ ते २०२० या काळात तो सांभाळला. स्वयंपाक आणि शिवणकामापासून समान वेतन, गर्भपात, घरातील हिंसाचारापर्यंतचा त्याचा प्रवास म्हणजे ब्रिटिश स्त्रीच्या पाऊण शतकाचा दस्तऐवज आहे.

दुपार

एक वाजता ‘द वर्ल्ड ॲट वन’. ऑक्टोबर १९६५ मध्ये वृत्तपत्रातून आलेले संपादक विल्यम हार्डकॅसल यांनी त्याला आकार दिला. बातमी वाचून झाली की तिथेच थांबायचे नाही, संबंधित माणसाला लगेच प्रश्न विचारायचा, ही रीत त्यांनी पाडली. पुढे १९७० मध्ये संध्याकाळी पाचचा ‘पीएम’ आणि रात्रीचा ‘द वर्ल्ड टुनाइट’ हे त्याच वळणाने सुरू झाले.

दुपारी सव्वादोन ही नाटकाची वेळ. मराठी श्रोत्याला नभोनाट्याची गोडी वेगळी सांगायला नको. रेडिओ फोरने ती दशकानुदशके जोपासली आणि अनेक नवोदित नाटककारांना पहिली संधी आणि पहिले मानधन दिले. अँथनी मिंगेला यांचे ‘सिगरेट्स अँड चॉकलेट’ (१९८८) इथलेच. ली हॉल यांच्या ‘स्पूनफेस स्टाइनबर्ग’ने (१९९७) श्रोते हेलावून गेले. कर्करोगाने मरणाच्या दारी आलेली एक स्वमग्न मुलगी स्वतःची गोष्ट सांगते. एकच आवाज, मध्ये थोडे ऑपेराचे सूर. रेडिओला नेपथ्य लागत नाही, हे आपण नेहमी म्हणतो. अशी नाटके ऐकली की त्याचा अर्थ पटतो.

संध्याकाळ

सहाच्या बातम्यांआधी बिग बेनचे ठोके घुमतात. बिग बेनचा आवाज रेडिओवर पहिल्यांदा आला तो १९२४ च्या नववर्षाच्या मध्यरात्री. त्याच वर्षी ५ फेब्रुवारीपासून ग्रीनिचचे सहा ‘पिप’ सुरू झाले. त्यांतला शेवटचा जरा लांब वाजतो. ब्रिटनमधली कित्येक घरे त्यावर घड्याळ लावत आली.

साडेसहाला विनोद. ‘जस्ट अ मिनिट’ हा खेळ डिसेंबर १९६७ मध्ये, म्हणजे वाहिनीच्या नामकरणानंतर तीन महिन्यांत सुरू झाला. दिलेल्या विषयावर एक मिनिट बोलायचे, मात्र अडखळायचे नाही, शब्दाची पुनरुक्ती करायची नाही, विषय सोडायचा नाही. निकोलस पार्सन्स यांनी पन्नासहून अधिक वर्षे या खेळाचे अध्यक्षपद भूषवले. २०१२ मध्ये हा खेळ मुंबईत येऊन ध्वनिमुद्रित झाला आणि सायरस ब्रोचा, अनुवब पाल हे इथले विनोदकार त्यात खेळले. नियम इंग्रजी असले तरी मिनिटभर न अडखळता बोलण्याची हौस मुंबईलाही कमी नाही, हे त्यातून दिसले. ब्रिटनमधल्या भारतीय कुटुंबांची आणि त्यांच्याकडे पाहणाऱ्या गोऱ्यांचीही टर उडवणारा ‘गुडनेस ग्रेशस मी’ १९९६ मध्ये आधी रेडिओ फोरवर आला, नंतर दूरचित्रवाणीवर गेला. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर यांच्या जोडीला त्यात मुंबईत जन्मलेल्या नीना वाडिया होत्या.

सात वाजून गेले की ‘बारविक ग्रीन’ची धून वाजते आणि ‘द आर्चर्स’ सुरू होते. युद्ध संपले तरी ब्रिटनमध्ये अन्नधान्याचे रेशनिंग १९५४ पर्यंत होते. शेतकऱ्याने उत्पादन वाढवावे, नवी पद्धत शिकावी, पण उपदेशाची भाषणे ऐकून तो कंटाळलेला. बर्मिंगहॅममध्ये शेतकऱ्यांच्या एका बैठकीत एकाने सुचवले की त्या काळी गाजत असलेल्या गुप्तहेर मालिकेसारखी शेतीचीच मालिका करा. निर्माते गॉडफ्री बेझली यांनी ते मनावर घेतले. १९५० मध्ये चाचणी म्हणून काही भाग झाले आणि १ जानेवारी १९५१ पासून अँब्रिज या काल्पनिक खेड्याची कथा देशभर पोहोचली. शेती खात्याचा सल्ला सुरुवातीला संवादांतून यायचा. हळूहळू माणसेच कथेचा ताबा घेऊन बसली.

२२ सप्टेंबर १९५५ च्या भागात तबेल्याला लागलेल्या आगीत नवविवाहित ग्रेस आर्चर मरण पावली. त्याच रात्री ब्रिटनमध्ये व्यावसायिक दूरचित्रवाणी सुरू होत होती. दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती ग्रेसचीच. हा योगायोग नव्हता, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. ग्रेसचा पती फिल याचे काम नॉर्मन पेंटिंग यांनी २००९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत केले. एकाच पात्रात एक नट तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत श्रोत्यांसोबत वाढत गेला. १९९० च्या दशकात अँब्रिजमध्ये उषा गुप्ता ही वकील आली. तिने वंशद्वेष सोसला आणि पुढे गावातल्या धर्मगुरूशी लग्न केले. २०१६ मध्ये हेलन या पात्राच्या घरी नवऱ्याकडून होणारा मानसिक छळ मालिकेने महिनोन्महिने, संयमाने उलगडला. श्रोत्यांनी आपणहून निधी उभारून छळग्रस्त स्त्रियांसाठी एक लाख पौंडांहून अधिक रक्कम जमवली. काल्पनिक स्त्रीच्या निमित्ताने खऱ्या स्त्रियांना मदत पोहोचली.

रात्र आणि रविवार

शुक्रवारी रात्री ‘एनी क्वेश्चन्स’. १९४८ पासून दर आठवड्याला वेगळ्या गावच्या सभागृहात जाऊन तिथल्या नागरिकांना राजकारण्यांना प्रश्न विचारू देणारा हा कार्यक्रम. दहाला जागतिक बातम्या, मग निजण्यापूर्वीचे पुस्तकवाचन आणि संसद चालू असेल तर संसदेचा वृत्तांत. संसदेचे कामकाज आवाजासह नियमित ऐकू येऊ लागले ते एप्रिल १९७८ पासून. त्याच्या महिनाभर आधी, ८ मार्चला रात्री साडेदहा वाजता डग्लस ॲडम्स यांची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ ही श्राव्यमालिका कसलाही गाजावाजा न होता सुरू झाली. कादंबरी आणि चित्रपट त्यानंतरचे.

रविवारच्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ची कल्पना रॉय प्लॉम्ली यांची. २९ जानेवारी १९४२ ला, युद्धाच्या ऐन धामधुमीत, पहिला पाहुणा आला. निर्जन बेटावर सोबतीला आठ ध्वनिमुद्रिका, एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू निवडायची, एवढीच अट. गाण्यांच्या आडून माणूस स्वतःबद्दल जे सांगून जातो ते थेट प्रश्नाला सांगत नाही, ही प्लॉम्ली यांची हेरगिरी ऐंशीहून अधिक वर्षे यशस्वी ठरते आहे. दिल्लीहून दीर्घकाळ वार्तांकन केलेले मार्क टुली १९९५ पासून ‘समथिंग अंडरस्टुड’ या रविवारच्या चिंतनपर कार्यक्रमातून धर्म, साहित्य आणि संगीत यांची सांगड घालत राहिले.

दिवसाचा समारोप जहाजांसाठीच्या हवामान अंदाजाने होतो. त्याची मुळे १८५९ च्या एका भीषण जहाजबुडीत आणि त्यानंतर ॲडमिरल रॉबर्ट फिट्झरॉय यांनी सुरू केलेल्या वादळसूचनांत आहेत. ब्रिटनभोवतालच्या समुद्राचे ३१ विभाग, ठरलेला क्रम, ठरलेली शब्दमर्यादा. वारा, पाऊस, दृश्यमानता, बस्स. रात्री पाऊण वाजता त्याआधी रोनाल्ड बिंज यांची ‘सेलिंग बाय’ ही धून लागते. २००२ मध्ये फिनिस्टेअर या विभागाला फिट्झरॉय यांचे नाव दिले गेले, तेव्हा ज्यांनी आयुष्यात होडीत पाय ठेवला नाही अशांनीही हळहळ व्यक्त केली.

वेळापत्रक कोणाचे?

ही हळहळ हाच या संस्थेच्या इतिहासाचा गाभा आहे. वाहिनीचे प्रमुख बदलत गेले आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाने एकदा तरी श्रोत्यांचा रोष ओढवून घेतला. १९९१ च्या आखाती युद्धात एफएमवर अखंड बातम्या दिल्या गेल्या. ते यश पाहून लाँगवेव्ह कायमची बातम्यांना द्यायचा विचार झाला, तेव्हा १९९३ मध्ये श्रोत्यांनी ब्रॉडकास्टिंग हाउसवर मोर्चा काढला आणि तो बेत बारगळला. १९९१ मध्ये ‘वुमन्स अवर’ दुपारवरून सकाळी हलवला, तेव्हाही तक्रारींचा ढीग पडला. १९९८ मध्ये जेम्स बॉइल यांनी सबंध वेळापत्रक उलटेपालटे केले, तेव्हा संसदेतही कुरकुर झाली. २००६ मध्ये पहाटेची ‘यूके थीम’ ही पाच मिनिटांची धून बंद झाली, त्यावरही खासदारांपर्यंत तक्रारी गेल्या.

बाहेरच्या माणसाला हे हट्ट वाटतील. पण श्रोत्यांनी या वेळांवर आपले दिवस बांधले होते. चहा, मुलांची शाळा, गाडी, स्वयंपाक, औषधाची गोळी, सगळे त्या आवाजांना जोडलेले. संस्थेने वेळ मांडून दिली होती. ती पाळली श्रोत्यांनी, आणि म्हणून तिच्यावर हक्कही त्यांनीच सांगितला.

वेळापत्रक मोडण्याचा अधिकार मात्र वाहिनीने मोजक्या वेळी वापरला आणि तो फळलाही. २६ डिसेंबर २००० रोजी एफएमवर स्टीफन फ्राय यांनी ‘हॅरी पॉटर’चा पहिला भाग जवळजवळ आठ तास वाचला. १५ ऑगस्ट २०१७ ला भारताच्या स्वातंत्र्याला सत्तर वर्षे झाली, तेव्हा सलमान रश्दी यांच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रेन’चे नाट्यरूपांतर दिवसभर सात भागांत प्रसारित झाले आणि मुंबईत जन्मलेल्या सलीम सिनाईची कथा ब्रिटनने एका दिवसात ऐकली. त्याआधी २०१० मध्ये नील मॅकग्रेगर यांनी शंभर वस्तूंतून सांगितलेल्या जगाच्या इतिहासात सिंधू संस्कृतीची मुद्रा आणि अशोकाच्या स्तंभाचा तुकडा होता. २०१५ मध्ये सुनील खिलनानी यांनी पन्नास व्यक्तींतून भारत सांगायला घेतला. मलिक अंबर, शिवाजी महाराज, जोतीराव फुले आणि डॉ. आंबेडकर यांच्यावरची पंधरा-पंधरा मिनिटे लंडन ते स्कॉटलंड ऐकली गेली.

आज आणि पुढे

‘इन अवर टाइम’ हा इंटरनेटवरून उतरवून घेता येणाऱ्या बीबीसीच्या पहिल्या कार्यक्रमांपैकी एक. ते २००४ साल. २०१८ मध्ये ‘बीबीसी साउंड्स’ आले. २०२४ मध्ये लाँगवेव्हवरचे वेगळे कार्यक्रम थांबले आणि जहाजांसाठीच्या अंदाजाच्या वेळाही कमी झाल्या. आठवड्याला एक कोटीच्या घरात गेलेली श्रोतृसंख्या आता पूर्वीसारखी वाढत नाही. तरुण श्रोता हवा तो कार्यक्रम हव्या त्या वेळी ऐकतो आणि त्यात गैर काही नाही.

पण त्याने मागितलेलेच त्याला मिळते. आवडीच्या यादीतून निवडणारा माणूस शेतीच्या बातम्या, विश्वरचनाशास्त्र आणि एखाद्या अनोळखी मुलीचे नाटक ओळीने ऐकणार नाही. ते कोणीतरी जाणीवपूर्वक एकापुढे एक मांडावे लागते. रेडिओ फोरच्या दिवसक्रमाने साठ वर्षे हेच काम केले. शेतकऱ्याच्या कानी संसद घातली, मंत्र्याच्या कानी अँब्रिजचे गाऱ्हाणे घातले. मराठीत बोललेल्या शब्दाच्या कार्यक्रमांची परंपरा आहे, बोलणारे आहेत आणि ऐकणारेही आहेत. त्यांच्यासाठी वाहिनी चालवू पाहणाऱ्यांनी या इतिहासातून एवढे घ्यावे : कार्यक्रमाआधी त्याची वेळ ठरवावी, ती वर्षानुवर्षे पाळावी, आणि बदलण्याची वेळ आलीच तर आधी श्रोत्यांना विचारावे.